पंधरा मिनिटांच्या चाचणीवर किती विश्वास ठेवायचा?

पत्राचा सारांश : नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईने लिहिलं आहे. मुलगा तीन वर्षं पाच महिन्यांचा. जूनपासून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातो. घरात मराठी, आजी मात्र नातवाशी अहिराणीतच बोलते. मागच्या महिन्यात शाळेने बाहेरची माणसं बोलावून सगळ्या मुलांचं ‘डेव्हलपमेंट स्क्रीनिंग’ करवलं. प्रत्येक मुलाला साधारण पंधरा मिनिटं, टॅबवर चित्रं दाखवून इंग्रजीत प्रश्न, आईवडील बाहेर. हातात आलेल्या कागदावर भाषेपुढे लाल खूण, सामाजिक विकासापुढे पिवळी आणि तळाशी ‘ऑटिझमची शक्यता, त्वरित थेरपी आवश्यक’ अशी ओळ. सोबत सहा महिन्यांच्या थेरपीचं पॅकेज, महिनाअखेरपर्यंत नाव नोंदवलं तर सवलत. नवरा म्हणतो, हा पैसे काढायचा धंदा आहे. सासूबाई म्हणतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आईने इंटरनेटवर ऑटिझमची वीस प्रश्नांची एक यादी भरून पाहिली, त्यातही ‘मध्यम धोका’ आला. तेव्हापासून तिला झोप नाही. रोज संध्याकाळी ती मुलाला फ्लॅशकार्ड घेऊन बसवते आणि तो तोंड फिरवतो. तिचा प्रश्न : ही चाचणी खरी मानायची की सोडून द्यायची?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात कागदावरच्या रंगांबद्दल बरंच आहे आणि मुलाबद्दल मोजक्याच ओळी. पण त्या ओळी मला फार मोलाच्या वाटल्या. आजोबा बाहेर जायला उठले की तो न सांगता त्यांच्या चपला आणून ठेवतो. आजी भाकरी थापत असली की शेजारी बसून रिकाम्या ताटलीवर तोही थापतो आणि ‘घे, खा’ म्हणत घरभर वाटत फिरतो. ‘आजी दूध दे’ एवढं वाक्य बोलतो. घरातल्यांना कळतं, शेजाऱ्यांना निम्मंअधिक कळत नाही. मागून हाक मारली तर बऱ्याचदा वळत नाही. आणि पावसाळ्यात त्याचा कान दोनदा वाहिला होता. यातलं काहीच त्या टॅबने विचारलेलं नाही. शेवटच्या दोन गोष्टींकडे मी परत येणार आहे, कारण तुमचं पहिलं काम तिथे आहे, पॅकेजमध्ये नाही.

आधी तुमच्या प्रश्नाची मांडणी जरा हलवून बघू. खरी मानायची की सोडून द्यायची, असं तुम्ही विचारता, म्हणजे त्या कागदाला तुम्ही निकालपत्र धरलंत. स्क्रीनिंगचं काम निकाल देण्याचं नसतंच. पुष्कळ मुलांमधून कोणाकडे पुन्हा नीट बघायला हवं, एवढंच ते निवडून देतं. निदान करतात ते बालविकासातले तज्ज्ञ डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ, मुलाशी खेळून, तुमच्याशी सविस्तर बोलून, गरज पडली तर दोन-तीन भेटींत. ‘शक्यता आहे, पुढे तपासा’ इथपर्यंत एखादी चांगली स्क्रीनिंग चाचणी जाऊ शकते. ‘त्वरित थेरपी आवश्यक’ हे सांगण्याची ताकद कुठल्याच स्क्रीनिंगमध्ये नसते. आणि थेरपी विकणाऱ्यानेच तिची गरज ठरवली असेल, तर तुमच्या नवऱ्याचा संशय रास्त आहे. मात्र त्या संशयातून ‘मुलाला काहीच नाही’ हे सिद्ध होत नाही.

चाचणीला विचारायचा पहिला प्रश्न विश्वसनीयतेचा. तेच मूल पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणी तपासलं, तर उत्तर तेच येईल का? साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे फार अवघड असतं. झोप झालेली नसते, शू लागलेली असते, समोरची बाई अनोळखी असते, एवढ्यानेही गुण खालीवर होतात. चांगली चाचणी बनवणारे हे धरून चालतात. जगभर वापरल्या गेलेल्या डेन्व्हर चाचणीचं उदाहरण घ्या. फ्रँकेनबर्ग आणि डॉड्स यांनी ती १९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली, १९९२ साली तिची सुधारित आवृत्ती, डेन्व्हर-२, आली. तिच्यात एकेक इंचाचे ठोकळे एकावर एक रचायला देतात. मनोरा कोसळला म्हणून लगेच फुली मारत नाहीत, तीन संधी देतात. मुलाला जमलं नाही आणि मुलाने करायलाच नकार दिला, या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळी होते. चाचणी संपली की आईला विचारायचं असतं, हा नेहमी असाच वागतो का? आणि निकाल संशयाचा आला तर थकवा, भीती, आजारपण ही कारणं नाहीत ना, हे बघायला एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं.

तुमच्या मुलाच्या वेळी यातलं काय झालं? तुम्ही दाराबाहेर होतात. बाहेर आल्यावर तो ‘बाई नको’ म्हणून तुमच्या पदरात शिरला. कोणी तुम्हाला काही विचारलं नाही, पुन्हा तपासू असं म्हटलं नाही, थेट पॅकेजचा कागद हातात दिला. तेव्हा त्या लाल खुणेत भाषा किती आणि घाबरणं किती, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न वैधतेचा. चाचणी जे मोजतो म्हणते, तेच मोजते का? तुमच्या मुलाला छत्रीचं चित्र दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं. तो गप्प. घरी आल्यावर तुम्ही छत्री दाखवलीत तर ‘पाऊस, छत्री’ म्हणाला. आता समजा पुढच्या आठवड्यात तीच बाई तेच चित्र घेऊन आली. तो पुन्हा गप्प बसेल, गुण तंतोतंत तेच येतील. विश्वसनीयता अगदी उत्तम, आणि तरीही मोजलं गेलं ते इतकंच की जूनपासून त्याच्या कानावर इंग्रजी किती पडलं. त्याच्या भाषेच्या विकासाबद्दल त्यातून काहीही कळलं नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजायचे असतात. आजीच्या अहिराणीतला प्रत्येक शब्द त्याच्या खात्यात जमा व्हायला हवा. (आणि कोणी सांगितलं म्हणून आजीला अहिराणी बंद करायला लावू नका. दोन भाषा ऐकल्याने मुलाचा विकास खुंटत नाही.)

चाचणीचं मराठीत भाषांतर केलं म्हणूनही काम होत नाही. कोणत्या वयाला किती मुलांना काय जमतं, हे इथल्या मुलांवर तपासून ठरवावं लागतं. डेन्व्हर-२ ची वयं कोलोरॅडो राज्यातल्या दोन हजारांहून जास्त मुलांवरून ठरली. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात हे कष्टाचं काम केलं. बाळांचा विकास मोजणारी अमेरिकेतली बेली मोजपट्टी जशीच्या तशी न उचलता त्यांनी ती भारतीय बाळांवर तपासली, इथली वयं ठरवली आणि त्यातून आज आपल्याकडे बालविकास केंद्रांत वापरली जाणारी ‘डॅसी’ ही मोजपट्टी तयार झाली. पण ती तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राचा १९९१ चा सतरा प्रश्नांचा तक्ता दोन वर्षांपर्यंतचा. पुढे त्यांनी तो सहा वर्षांपर्यंत वाढवला. आणि तुम्ही रात्री भरलेली वीस प्रश्नांची यादी बहुधा ‘एम-चॅट’ असावी. ती सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुमचा मुलगा एक्केचाळीस महिन्यांचा आहे. त्याच्या वयासाठी ती तपासलेलीच नाही, म्हणून तो ‘मध्यम धोका’ तुम्ही आज मनातून काढून टाका. योग्य वयाच्या मुलाला मध्यम धोका आला तरीही ती यादी तिथे संपत नाही. जिथे जिथे उत्तर चुकीच्या बाजूला गेलं, तिथे सविस्तर प्रश्न विचारायचा दुसरा टप्पा असतो, आणि मोबाईलवर यादी भरणाऱ्या पालकांपर्यंत तो बहुतेक वेळा पोचतच नाही.

आता थोडा हिशेब. हा प्रत्येक आईबापाने एकदा तरी कागदावर मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं. समजा एक हजार मुलं आहेत आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर विकासात अडचण आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे : अडचण असलेल्या शंभरातली ८० ती पकडते आणि अडचण नसलेल्या दर शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना विकासाच्या स्क्रीनिंगसाठी ७० ते ८० टक्के अचूकता चालण्याजोगी मानते, म्हणजे मी धरलेली चाचणी वाईट नाही. शंभरातली ८० मुलं सापडली. उरलेल्या नऊशेंपैकी १८० जणांनाही लाल खूण मिळाली. एकूण लाल २६०, त्यांत खरी अडचण ८० जणांना. म्हणजे लाल खूण मिळालेल्या दर दहा मुलांत सहा-सात मुलांना काही झालेलंच नसतं. पण उलट बाजूही बघा. वीस मुलं अडचण असूनही हिरवी खूण घेऊन घरी गेली. तुमच्या जावेच्या मुलीला सगळं हिरवं आलं म्हणून घरात पेढे वाटले गेले, असं तुम्ही लिहिलंय. तिच्या आईला तिच्याबद्दल काही खटकत असेल, तर त्या हिरव्या खुणेने ते गप्प करू नये.

प्रत्यक्षातले आकडे याहून ओबडधोबड असतात. तिरुवनंतपुरमच्या तक्त्याने अडचण असलेली ६६.७ टक्के मुलं पकडली आणि नसलेली ७८.८ टक्के बरोबर सोडली. फ्रान्सिस ग्लॅस्को आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली १०४ मुलांवर डेन्व्हर-२ तपासली, तेव्हा पकडण्याचं प्रमाण ८३ टक्के निघालं, बरोबर सोडण्याचं फक्त ४३ टक्के. म्हणजे नीट वाढणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांवर संशयाची खूण. नाव मोठं, वापर जगभर, आणि अचूकता ही अशी. तेव्हा शाळेने आणलेल्या चाचणीचे हे दोन आकडे विचारणं हा तुमचा हक्क आहे. आकडेच नसतील, तर तिला चाचणी म्हणायचं कशाला?

इथे थांबले तर तुमच्या नवऱ्याला बरं वाटेल, पण ते तुमच्या मुलाच्या हिताचं होणार नाही. चाचणी कच्ची निघाली म्हणून काळजी आपोआप खोटी ठरत नाही. ग्लॅस्को यांनीच २००१ मध्ये दाखवून दिलं की उगाच संशय घेतला गेलेली मुलंही बुद्धी, भाषा आणि अभ्यासात सरासरीने इतर मुलांच्या थोडी मागेच असतात. निदान होण्याइतकं काही नसतं, पण हातभार लागतो. एम-चॅटच्या सुधारित आवृत्तीवरचा २०१४ चा अभ्यासही बोलका आहे. दोन्ही टप्प्यांनंतर संशय कायम राहिला आणि पूर्ण तपासणी झाली, अशा मुलांपैकी ४७.५ टक्के मुलांना ऑटिझम निघाला, पण ९४.६ टक्के मुलांच्या विकासात लक्ष घालण्यासारखं काही ना काही होतं. नीट केलेल्या स्क्रीनिंगची लाल खूण बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते. तिने सुचवलेलं नाव मात्र पुष्कळदा चुकतं.

सासूबाईंचं म्हणणंही याच कसोटीला लावू या, आदर ठेवूनच. ‘याचा बापही उशिरा बोलला’ ही माहिती खरी आणि उपयोगी आहे, डॉक्टरांना आवर्जून सांगा. उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं. पण घराघरांत आठवण राहते ती उशिरा बोलून पुढे छान निघालेल्यांची. जे मागे राहिले, ज्यांना कमी ऐकू येत होतं हे शाळेत गेल्यावर कळलं, त्यांच्या गोष्टी कोणी कौतुकाने सांगत नाही. म्हणून ‘बोलेल आपोआप’ हेही एक स्क्रीनिंगच आहे, आणि त्यात किती मुलं निसटली याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आणखी एक भीती तुमच्या पत्रात दडली आहे, की आत्ताचा कागद म्हणजे त्याचं पुढचं आयुष्य. ला पॅरो आणि पिआंटा या दोघांनी २००० साली सत्तर अभ्यास एकत्र करून पाहिले. शाळापूर्व वयातल्या बौद्धिक चाचण्यांवरून पहिली-दुसरीतल्या अभ्यासातला साधारण एक चतुर्थांश फरकच सांगता येतो; सामाजिक वागण्याच्या चाचण्यांवरून दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. या वयात मुलं इतक्या वेगाने बदलतात की तिसाव्या महिन्याचं चित्र कित्येकदा छत्तिसाव्या महिन्यालाही टिकत नाही, तर शाळेपर्यंत कुठलं टिकायला.

तर आता करायचं काय? सगळ्यात आधी कान. मागून हाक मारल्यावर न वळणं आणि कान वाहणं हे एकत्र आलं की ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय भाषेबद्दल किंवा ऑटिझमबद्दल कोणीही काहीही ठरवू नये. ‘मिक्सर लावला की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ यावर जाऊ नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर मोठे आवाज येतात, पण बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज निसटतात. मग शब्द अर्धवट ऐकू येतात आणि अर्धवटच बोलले जातात, म्हणजे नेमकं शेजाऱ्यांना न कळणारं बोलणं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या. या वयाच्या मुलांची तपासणी खेळातून होते : आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. तो ऐकेना तर त्याच्या सहकार्याशिवाय होणाऱ्या ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी) या तपासण्या आहेत.

दरम्यान फ्लॅशकार्ड बंद करा. त्याला त्याचा त्रास होतोच, शिवाय चाचणीत विचारतात तेच पाठ करून घेतलं तर पुढच्या खऱ्या तपासणीचं उत्तर बिघडतं. त्याऐवजी दोन आठवडे एक वही ठेवा. रोज तीन-चार ओळी : आज कोणता नवा शब्द, कोणत्या भाषेत, कशासाठी बोलला, काही दाखवायला बोट केलं का, हाकेला वळला का, टीव्ही बंद असताना आणि चालू असताना. ताटलीवर भाकरी थापतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, त्याला न कळता. डॉक्टरांच्या खोलीत तो गप्प बसला, तरी हा व्हिडिओ बोलेल. असा खोटाखोटा खेळ, स्वतः थापून दुसऱ्याला ‘घे’ म्हणणं, डॉक्टरांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं असतं.

मग वही आणि कानाचा रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मुलाच्या वयाच्या, मराठीतून घेतलेल्या तपासणीची मागणी करा. खाजगी खर्च जड वाटत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली तो आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. सगळं मोफत. गावातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारलंत की पथक कधी येणार ते कळेल. पथकाची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी केली तरी चालते.

तपासणीत भाषेला खरोखर उशीर आहे असं निघालं, तर स्पीच थेरपी लगेच सुरू करा. त्यासाठी कुठल्याही निदानाच्या नावाची वाट बघावी लागत नाही. आणि हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी : मूल आधी बोलत होतं ते शब्द गेले, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, काही दाखवायला बोट करत नाही, हाकेला आणि नजरेला प्रतिसाद नाही, यांतलं काही असेल तर कुठल्याच चाचणीच्या रंगाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

बालवाडीच्या ताईंनाही सांगायचं आहे, कारण अशा शिबिरांना परवानगी शाळाच देते. चाचणीचं नाव, ती कोणत्या वयासाठी आणि कोणत्या मुलांवर तपासली, कोणत्या भाषेत घेणार, घेणाऱ्याचं प्रशिक्षण काय, हे लेखी मागा. पालकांची संमती घ्या आणि आईला खोलीत बसू द्या. तुम्ही स्वतः एखादी निरीक्षण-यादी वापरत असाल, तर त्याच दहा मुलांच्या नोंदी दोन ताईंनी वेगवेगळ्या करा आणि मग ताडून बघा. जिथे तुमचं पटत नाही, तो प्रश्नच सैल आहे. वर्षाने पुन्हा बघा, ज्यांच्याबद्दल काळजी वाटली त्यांचं पुढे काय झालं. आठवडेच्या आठवडे मुलाला खेळताना बघणाऱ्या ताईंच्या नोंदीला पंधरा मिनिटांच्या टॅबपेक्षा मी कधीही जास्त वजन देईन. आणि निकाल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

ताई, पुढे पहिलीच्या प्रवेशाला हा कागद आडवा येईल अशी धास्ती धरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे, आणि मोडली तर दंडाची तरतूद आहे. पॅकेजच्या सवलतीची तारीख जाऊ द्या. शाळेला मात्र उत्तर द्या, लेखी द्या, आणि त्यावर तुम्हा दोघांच्याही सह्या असू द्या. मजकूर एवढाच पुरे :

‘आमच्या मुलाच्या तपासणीत वापरलेल्या चाचणीचं नाव, तिचा वयोगट आणि त्याने दिलेली मूळ उत्तरं आम्हाला मिळावीत. त्याच्या श्रवणाची आणि विकासाची पुढील तपासणी आम्ही स्वतंत्रपणे करून घेत आहोत. अहवाल आला की शाळेला कळवू. तोपर्यंत हा निकाल त्याच्या कायमच्या नोंदीत घेऊ नये आणि आमच्या परवानगीशिवाय कोणाला देऊ नये. वर्गात त्याला शक्यतो पुढे, ताईंच्या जवळ बसवावं आणि सूचना देताना समोर येऊन, मराठीतही सांगावं.’